पाव टनी लष्करी ट्रेलर: चाक तापतंय, तळ गंजलाय. सुरुवात कुठून करू?

मुलुंडची_जीप:
बाबांचा जीपमागचा पाव टनी ट्रेलर आता माझ्याकडे आलाय. लष्करातून लिलावात निघालेला. बाबांनी तो कुर्ल्यात घेतला तेव्हा मी शाळेत होते. कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत.

२६ जुलै २००५ ला आमच्या गल्लीत मिठीचं पाणी छातीला लागलं, तेव्हा हा ट्रेलर जागेवरून उचलला गेला आणि चक्क तरंगायला लागला. बाबांनी त्यात शेजारच्या दोन आज्या आणि एक तान्हं बाळ बसवलं आणि दोरीने ओढत शाळेच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही.

मागच्या रविवारी माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपला जोडून रिकामाच बदलापूरपर्यंत नेला. उतरून बघते तर डाव्या ड्रमला बोट लावता येईना, उजवा थंडगार. तळाच्या पत्र्यात एका कोपऱ्यात पेचकस टोचला तर आरपार गेला. दिवे खड्ड्यागणिक विझतात. गॅरेजवाले म्हणतात अख्खा अ‍ॅक्सल बदला, जीपला अडकवायची पुढची रिंग कापून त्याजागी बॉलवर बसणारं कपलर लावा. माझ्या मनात वर तंबू, शंभर लिटर पाण्याची टाकी, मागे छोटा ओटा आणि पुन्हा तोच ऑलिव्ह ग्रीन रंग आहे. आधी काय करावं?

कलिना_पार्ट्स:
अ‍ॅक्सल अजिबात बदलू नका. टायर ६.००-१६ असेल तर जीपचंच चाक बसतं, म्हणजे स्टेपनी एकच पुरते. हे सुख नव्या अ‍ॅक्सलवर मिळणार नाही. बेअरिंग आणि ऑइल सील नागदेवी स्ट्रीटला मिळतील, पण जुनं काढून हातात घेऊन जा.

ईएमई_घाटकोपर:
ताई, मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, व्हेईकल मेकॅनिक होतो. भोपाळच्या ३ ईएमई सेंटरला शिकलो, पुढे सगळी नोकरी जोंगा, निसान वन टन आणि शक्तिमान या लष्करी गाड्यांच्या खाली आडवं पडून गेली. गॅरेजवाल्यांना थोडं थांबायला सांगा.

एकच ड्रम तापतो म्हणजे दोन शक्यता. हबची टोपी जास्त तापली असेल तर बेअरिंग. टोपी कोमट आणि ड्रमची कड भाजत असेल तर ब्रेकचा लायनर घासतोय. या ट्रेलरला हँडब्रेक असतो, त्याची केबल पावसाने गंजून आवरणात धरते. लिव्हर सोडला तरी ब्रेकचा शू (ज्यावर लायनर असतो) मागे येत नाही. उजव्या चाकाला लाकडी ठोकळे लावा, डावं जॅकवर घ्या, हाताने फिरवा. मग केबलची पिन काढून पुन्हा फिरवा. मोकळं फिरलं तर पाच-सातशे रुपयांचं काम आहे, अ‍ॅक्सलचं नाही.

ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आम्ही तेव्हा तोंडाने फुंकायचो, कुणी सांगितलंच नव्हतं.

हब उघडलाच आहे तर बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या आत दाबून भरा. वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही. नट घट्ट करताना चाक फिरवत राहा. चाक अडकायला लागलं की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉक वॉशर दुमडा. जीपच्या हबला १८५९० आणि १८५२० ही जोडी येते. तुमच्या ट्रेलरला तीच असेल असं धरून चालू नका, जुन्यावरचा नंबर वाचा. दहा किलोमीटर चालवून परत टोपीला हात लावा.

रिंग कापू नका. जीपच्या मागच्या क्रॉस मेंबरला आतून जाड प्लेट देऊन पिंटल हुक, म्हणजे रिंग अडकवायचा बंद होणारा जाड हुक, बसवा. खाचखळग्यात ट्रेलर पिळला तरी रिंग हुकात फिरते, तेवढी मोकळीक बॉलला नाही. सेफ्टी चेन दोन, दांड्याखालून एकमेकींना ओलांडून. दारूखान्याच्या भंगार बाजारात साखळ्या ढिगाने मिळतात, पण जिच्यावर वजनाचा शिक्का नाही ती घेऊ नका.

एक विचारायचं राहिलं. तळाला पाणी काढायची बुचं असतात. ती कुठे आहेत?

पनवेल_४×४:
दिव्यांचं मी सांगतो. अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, त्या रिंगमधूनच घेतलेली असणार. रिंग आणि हुक ग्रीसने माखलेले, म्हणजे खड्ड्यात संपर्क तुटतो आणि दिवा जातो. अर्थिंगची वेगळी वायर सॉकेटमधून घ्या. बल्बवरचा व्होल्टेजही बघा. तुमची जीप १२ व्होल्टची, आणि लष्करी सामानात ६ आणि २४ चे बल्बही सापडतात.

आणि वजन मोजा. मूळ अमेरिकी नमुन्यात पाव टन म्हणजे ५०० पौंड, सुमारे २२७ किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो तिथेच गेले. टाकीसह तंबू, ओटा, सिलिंडर वर चढवलंत की स्प्रिंगचे पाटे सपाट. टाकी चाळीस लिटरची करा आणि अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवा.

ठाणे_आरटीओ_फेऱ्या:
ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. ट्रेलरच्या मागे जीपचा नंबर दिसला पाहिजे. लष्कराचं मूळ विक्री प्रमाणपत्र पिशवीत असेल तर आधी त्याची प्रत काढा.

मुलुंडची_जीप:
केबलच होती! पिन काढली आणि चाक सुटलं. रंगासाठी वाळूसारखा फिका पिवळा बघतेय.

काका, बुचं जागेवरच आहेत, घट्ट. २००५ नंतर बाबांनी ती कधी काढलीच नाहीत. पुन्हा पाणी आलं तर तरंगायला हवा, म्हणायचे.

ईएमई_घाटकोपर:
मग तळ त्यानेच गेला, ताई. ताडपत्री कितीही बांधा, मुंबईच्या पावसात थोडं पाणी आत येतंच, आणि बुच लावलेलं असेल तर ते आतच बसतं. वडिलांनी जे केलं ते चुकीचं म्हणवत नाही मला. तशी रात्र पाहिलेला माणूस दुसरं काय करणार? तरंगण्यासाठीच हा टब सलग बनवलाय. पण उभा असताना बुचं बाहेर हवीत.

सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. नवा तुकडा मूळ जाडीचाच घ्या आणि चारही बाजूंनी सलग वेल्ड करा, टाके मारून वर पुट्टी भरू देऊ नका. चासीच्या पोकळ भागावर हातोडी वाजवत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे आतून गंज आहे. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका, खाऱ्या हवेत ते टिकत नाही. खाली इपॉक्सी प्रायमर द्या. बुचांच्या आट्यांना ग्रीस लावा आणि प्रत्येक बुच बारीक साखळीने भोकाशेजारीच अडकवा, म्हणजे पाणी वाढलं तर शोधावं लागणार नाही. रंगाआधी बुचं लावून आत चार बोटं पाणी भरा आणि खालून बघा.

मुलुंडची_जीप:
काल नवा पत्रा बसवला. बुचं लावून पाणी भरलं आणि टॉर्च घेऊन खाली झोपले. मागच्या उजव्या कोपऱ्यात वेल्डजवळ एक थेंब जमतो, मिनिटभराने पडतो. बाकी सगळं कोरडं. खडूने खूण केलीय, गुरुवारी वेल्डर परत येतोय. साखळ्या आणल्यात.