घरात फ्लोट टँक आहे का कुणाकडे? देखभाल कितपत करावी लागते?

अबोली:
नमस्कार मंडळी. मानेच्या जुन्या दुखण्यापायी मी दोन वर्षं महिन्यातून एकदा फ्लोटिंगला, म्हणजे बंद टाकीतल्या कोमट खारट पाण्यावर अंधारात तरंगत पडून राहायला, जाते. नंतर दोन-तीन दिवस मान हलकी असते, झोप लागते, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता एक वापरलेली फायबरची टाकी मिळते आहे, आतून २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, तिथे ठेवीन म्हणते. विकणारे म्हणाले, "काही करावं लागत नाही." तिथेच मला शंका आली. पाणी कधी बदलता? आणि नव्याचे नऊ दिवस सरल्यावर वापर होतो का?

शांतजळ:
अबोलीताई, माझ्याकडे सहा वर्षं आहे आणि अजून आठवड्यातून तीनदा तरी मी तिच्यात असतो. घरात असण्याचा खरा फायदा हाच. वेळ ठरवून, गाडी चालवून जायचं नसतं. रात्री डोकं भणभणलेलं असलं की उठायचं, अंघोळ करायची आणि आत शिरायचं.

पण आधी वजन बघा. पाण्याची उंची २५ सेंटीमीटर धरली तर तुमच्या टाकीत ७२० लिटर मिठाचं द्रावण बसेल. ते साध्या पाण्याच्या सव्वापट जड, म्हणजे ९०० किलो. टाकी आणि तुम्ही धरून हजाराच्या वर, चौरस मीटरला साडेतीनशेहून जास्त. राहत्या खोल्यांची जमीन साधारण २०० किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. इंजिनियरने स्लॅब पाहिल्याशिवाय वर नेऊ नका.

त्या ९०० किलोंतलं जवळजवळ निम्मं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. १९५४ मध्ये जॉन लिली या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने पहिली टाकी केली तेव्हा त्यांना तोंडाला मास्क लावून पाण्याखाली राहावं लागायचं. आपण नुसतं पाठीवर पडून राहतो ते या मिठाच्या जोरावर. म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं साधन, घ्या आणि घनता १.२५च्या खाली जाऊ देऊ नका. मीठ विरघळताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे भरताना पाणी चांगलं गरम लागतं. पहिल्या वेळी मी कोमट पाण्यात पोती रिकामी केली आणि रात्रभर वल्ह्यासारखी फळी घेऊन ढवळत बसलो. तळाशी मिठाचा थर तसाच!

पाणी मी वर्षातून एकदा बदलतो. पण रोजचं काम चुकत नाही. प्रत्येक वेळेनंतर पंप इतका चालवतो की सगळं पाणी फिल्टर आणि जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्यातून तीन-चारदा फिरावं. सोबत जंतुनाशक म्हणून मोजून हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लोरीन त्यात मिसळू नका, दोघं एकमेकांना निकामी करतात.

तापमान ३४ ते ३५.५ अंश. त्यात पाणी कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो ते थोड्या वेळाने कळेनासं होतं. वरची हवाही तितकीच उबदार हवी, नाहीतर छाती-पोट गार पडतं आणि सगळं लक्ष तिथेच राहतं. एका हिवाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. पाणी गार झालं, मीठ बाहेर पडलं आणि पंपात सुयांसारखे स्फटिक धरले. मी घाईने पंप सुरू केला, सील गेलं. गरम पाण्याने हळूहळू सोडवायला हवं होतं. तेव्हापासून जास्त दिवस बंद ठेवायचा असेल तर आधी पंप गोड्या पाण्याने धुऊन काढतो.

रानवाट:
वरच्या प्रतिसादात खोलीचं राहिलं. मीठ सगळीकडे चढतं. माझ्या दाराच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजल्या. सांडलेलं द्रावण काँक्रीटमध्ये मुरू देऊ नका, मॅग्नेशियम सल्फेट काँक्रीट खातं. खाली नीट वॉटरप्रूफिंग करा, एक्झॉस्ट फॅन लावा आणि वीज आरसीसीबीवरच (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घ्या, इथे काटकसर नको. अंधार करणं सोपं, आवाज घालवणं अवघड. कान पाण्यात असतात, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर जमिनीतून थेट कानात येते. टाकीखाली जाड रबर घातलं, तेव्हा कुठे मला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू आले.

सांजवेळ:
ताई, मानेसाठी एक. पहिल्या काही वेळा मान डोक्याला धरून ठेवते, सोडतच नाही. हात डोक्याच्या वर घ्या, खांदे सुटतात, मग मानही सोडते. हे तुम्हाला माहीत असेल, पण घरी आठवण करून द्यायला कुणी नसतं. त्या दिवशी दाढी, वॅक्सिंग नको. खरचटलेल्या जागी आधी व्हॅसलीन लावा. डोळ्यात थेंब गेला तर धुवायला गोड्या पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवा. फिट येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या मजल्याचा विचार सोडला. तळमजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करते, तिची एक भिंत फ्रिजला लागून आहे, तो आधी हलवीन. शांतजळदादा, फिल्टरची पिशवी किती मायक्रॉनची, म्हणजे किती बारीक छिद्रांची, वापरता?

शांतजळ:
१० ची. दोन ठेवा, एक धुवून वाळत असताना दुसरी लावायला. आणि केसाला तेल लावून आत जायचं नाही, घरातल्या कुणीच. पिशवी लगेच तुंबते.