रेवणी, पडकोट, शेरहाजी, जिभी: नक्की फरक काय? (संदर्भ: परांड्याचा किल्ला)

परांड्याच्या किल्ल्यावर थोडं लिहायचं चाललंय आणि बाहेरच्या भिंतीपाशीच गाडी अडलीये. खंदक ओलांडला की आधी एक बुटकी भिंत, मग चिंचोळी मोकळी जागा आणि मग खरा उंच तट. या बुटक्या भिंतीला कुणी रेवणी म्हणतं, कुणी पडकोट, आणि मोगलांच्या वेढ्यांबद्दल वाचताना शेरहाजी असा शब्द लागला. तिन्ही एकच का? जिभी पण यातलीच का? आमच्याकडे सगळ्याला सरसकट कोट म्हणून मोकळे होतात, त्यामुळे घरी विचारून काही उपयोग नाही.

—

रेवणीच. मुख्य तटाच्या बाहेर, खंदकाच्या आतल्या काठावर बांधलेली कमी उंचीची भिंत ती रेवणी. इंग्रजांच्या वेढ्यांच्या हकिकतींत हाच शब्द रौनी, रेनी असा काहीच्या काही रूपात येतो.

पण नुसता अर्थ सांगून भागत नाही, ती का बांधायचे ते बघा म्हणजे शब्द डोक्यात बसेल. परांडा म्हणजे निजामशाही-आदिलशाहीच्या सीमेवरचा भुईकोट, डोंगर नाही कडा नाही, जे काय संरक्षण ते खंदक आणि दगडाचं. बहमनी काळात त्यांचा वजीर महमूद गावान याने बांधला असं मानतात. पुढे तोफा आल्या, मोठमोठ्या आल्या. आता विजापूरला आहे ना ती मलिक-ए-मैदान, सुमारे ५५ टनांची, तोंडाशी जबडा वासलेला आणि त्यात हत्ती चिरडलाय अशी, ती १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमीने ओतली आणि विजापूरला जायच्या आधी ती परांड्यालाच होती, १६३२ मध्ये आदिलशाहीवाल्यांनी नेली. तर असली तोफ उंच बुरजावर चढवली की लांबचा मारा झकास होतो, पण शत्रू खंदकात उतरून तटाच्या पायाशी आला की ती तोंड खाली करून त्याला मारू शकत नाही. तिथे रेवणी कामाला येते. रेवणीवरचा बंदूकवाला खंदकात समोरासमोर मारतो, त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून तटावरचे लोक लांब मारतात. शिवाय सुरुंग लावायचा तर आधी रेवणी फोडा, मग पुढचं.

—

वरच्या दादांना +१. शेरहाजी हा फारसी तवारिखांमधला (इतिहासग्रंथांमधला) शब्द, बाहेरच्या तटालाच वापरलेला. १६३३ च्या दौलताबादच्या वेढ्यात मोगल सरदार महाबतखानाने महाकोटाच्या (तिथल्या एका कोटाच्या) शेरहाजीखाली सुरुंग खणला असं वर्णन येतं. म्हणजे वस्तू जवळपास तीच, पण मराठीत लिहिताना रेवणी असताना शेरहाजी कशाला? मोगली बाजूची हकिकत सांगत असाल तर ठीक आहे.

(मला कित्येक वर्षं हाजी नावाचा कुणी पीर असेल असं वाटायचं.)

—

पडकोट मात्र वेगळा हं. दोन्ही सर्रास एक धरतात आणि मग वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र येतं. पडकोट म्हणजे मुख्य कोटाला जोडून किंवा त्याच्या बाहेर घातलेला दुसरा कोट, त्याच्या आत वापरायची जागा असते. मुरुडसमोरचा पद्मदुर्ग बघा, तिथे मुख्य किल्ला वेगळा आणि पडकोट वेगळा सरळ दिसतो. रेवणी आणि तटाच्या मधे कोण राहणार, तिथे पळापळीपुरतीच जागा.

—

जिभीचं राहिलंच की. जिभी फक्त दरवाज्यापुरती. दरवाज्यासमोर आडोसा करून पुढे काढलेली भिंत, म्हणजे बाहेरून दरवाजा दिसत नाही, तोफेचा गोळा थेट फळीवर बसत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ वाट मिळत नाही. रेवणी किल्ल्याभोवती फिरते, जिभी फिरत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

—

आभारी आहे सगळ्यांचा. मग हे वाक्य चालेल का बघा: "१६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी परांड्याला वेढा घातला, पण खंदक, रेवणी आणि पडकोट अशा तिहेरी संरक्षणामुळे मोगलांना तो घेता आला नाही."

—

पडकोट काढा आणि "तट" घाला, बाकी शब्द बरोबर. पण कारण अर्धवट आहे. नुसत्या भिंतींनी वेढा उठत नाही, आसपासचा चारा आणि जळण संपलं होतं, ते आणायला लांब जावं लागायचं आणि तिथे विजापूरची फौज गाठायची, त्यात पावसाळा तोंडावर. तेव्हा "संरक्षणामुळे आणि चाऱ्याच्या टंचाईमुळे" असं करा. आणि हाच परांडा १६६० मध्ये किल्लेदार गालिबने मोगलांना आपणहून देऊन टाकला, तेही घाला जमलं तर, लोक ते गाळतात.

—

अजून एक, रेवणी स्त्रीलिंगी. रेवणीवर, रेवणीचा चिरा, रेवणीच्या जंग्या (बंदुकीने मारा करायची भिंतीतली भोकं). मागे एकाने "रेवण्यांमधून गोळ्या सुटल्या" लिहिलेलं वाचलं, गोळ्या जंग्यांमधून सुटतात. आणि तटावरून चालायची जी वाट आहे तिला फांजी म्हणतात, तुम्ही "वरचा रस्ता" लिहिणार असाल तर आत्ताच बदला.