जिग विकत घेण्याआधी एक तरी घरी करा

शिशवी

परवा ओळखीतल्या एका मुलाने घरी सुतारकाम सुरू करायचं म्हणून खरेदीची यादी दाखवली. त्यात यंत्रांपेक्षा जिगांचीच रक्कम मोठी. जिग म्हणजे काप किंवा भोक दर वेळी बरोबर जागी यावं म्हणून हत्याराला किंवा लाकडाला वाट दाखवणारा साचा. टेबल सॉची, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीची, क्रॉसकट स्लेड (फळी काटकोनात कापायला टेबलाच्या खाचेतून सरकणारा पाट), पॉकेट होल जिग (स्क्रूच्या तिरक्या भोकांची), डॉवेल जिग (लाकडी खुंट्यांच्या भोकांची), कपाटाच्या फळ्यांच्या भोकांची जिग, सर्क्युलर सॉची (हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या करवतीची) गाइड. अजून एक स्टूलही केलेलं नाही त्याने. मला राहवेना, म्हणून हा धागा.

माझं मत: पहिलं वर्षभर एकही जिग विकत आणू नये. माझे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. चाकाच्या कडेचे वक्र तुकडे आखायला त्यांच्याकडे पातळ फळीचा फर्मा होता, हाताळून हाताळून काळा गुळगुळीत झालेला. तो त्यांनीच केलेला होता, त्यामुळे कुठल्या बाजूला तो केसभर कमी पडतो हे त्यांना पाठ होतं. विकतच्या जिगची खोड कळायला किती महिने जातात?

सर्क्युलर सॉच्या गाइडचंच घ्या. ६ मिमी प्लायचा रुंद तुकडा, त्यावर १२ मिमी प्लायची एक पट्टी चिकटवायची, कारखान्यातून आलेली सरळ कड सॉच्या बाजूला ठेवून. गोंद वाळला की त्या कडेला सॉ टेकवून एकदा चालवायचा. खालचा प्लाय जिथे कापला गेला तीच तुमच्या पात्याची रेघ. ती कड खुणेवर ठेवली की काप बरोब्बर खुणेवर. तासाभराचं काम आणि सगळा माल उरलेला.

फक्त रविवार

ताई, पूर्ण असहमत. मला हातात मिळतात रविवारचे चार तास. मुलीला अभ्यासाचं टेबल करून देईन म्हणालो आणि सहा रविवार जिगा करत बसलो. शाळा सुरू झाली तेव्हा टेबलाचा एक पायही उभा नव्हता. ती रोज दारात येऊन बघून जायची. शेवटी स्लेड विकत आणली आणि पुढच्या दोन रविवारांत टेबल झालं. त्या सहा रविवारांचे पैसे कुठल्या हिशोबात धरायचे?

दुसरं, घरची जिग तुमच्या गुण्याइतकीच (काटकोन आखायच्या अवजाराइतकीच) खरी. दुकानातला स्वस्त गुण्या काटकोनात नसेल तर स्लेड वाकडी, स्लेड वाकडी म्हणून फळी वाकडी, मग कपाटाचं दार लागेना. नवशिक्याला ही चूक सापडणार कशी? धातूची तयार जिग निदान त्या साखळीतून सोडवते.

शिशवी

मुलीचं टेबल आधी, हे मान्य. पण गुण्याचा मुद्दा अजिबात मान्य नाही.

गुण्या घरीच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीवर त्याने एक रेघ मारा, गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघांत फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. आणि स्लेडला तर गुण्या लागतच नाही, पाच कापांची पद्धत आहे. साधारण ४०० मिमीचा चौकोनी प्लाय घ्यायचा. एक बाजू कापायची, नुकती कापलेली कड फेन्सला (स्लेडवरच्या आडव्या पट्टीला, जिला फळी टेकवतात) टेकवून पुढची कापायची, अशा चारही बाजू. पाचव्यांदा पहिल्याच बाजूची वीसेक मिमीची पट्टी काढायची. फेन्सची चूक या पट्टीत चौपट होऊन उतरते. माझ्या पट्टीचं एक टोक २०.९ मिमी भरलं, दुसरं २०.१. फरक ०.८, भागिले चार म्हणजे ४०० मिमीत ०.२. माझ्या फेन्सचा एक स्क्रू खिळ्यासारखा धरला तर दुसरा ६०० मिमीवर आहे, म्हणजे तिथे ०.३ मिमी सरकवायचं. मोटरसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात त्या फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पत्र्यांच्या संचाचं) ०.३ मिमीचं पान मध्ये धरलं, फेन्स तिथवर सरकवून स्क्रू आवळला. पुन्हा पाच काप घेतले तेव्हा दोन्ही टोकं कॅलिपरवर सारखी आली. काटकोन म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

लेथवाला

मी भोसरीत लेथवर काम करतो, सुतारकाम घरी. शिशवीताई, स्लेडपर्यंत तुमच्याबरोबर. भोकांच्या जिगला मात्र लाकूड चालत नाही.

कपाटाच्या फळ्यांची भोकं ५ मिमीची, एकमेकांपासून ३२ मिमीवर, पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत. मी प्लायची जिग केली होती. पहिल्या बाजूला छान चालली. ड्रिलचं बिट दर वेळी प्लायला घासतं, भोक लांबट होत जातं. चौथ्या बाजूला पोहोचेपर्यंत बिट आत डुगडुगायला लागलं. फळी ठेवली तर तीन कोपऱ्यांवर टेकली, चौथा अधांतरी. पॉकेट होलचं तर आणखी अवघड, तिथे बिट १५ अंशांत तिरकं शिरतं आणि एका बाजूलाच जास्त घासतं. तिथे कठीण केलेल्या पोलादाची नळीच हवी. ती असलेली जिग विकत घ्या, किंवा लेथवाल्याकडून तशी नळी, म्हणजे बुश, करून प्लायमध्ये बसवा.

दापोलीकर

कोकणातला माणूस म्हणून सांगतो, तुम्ही सगळे पाऊस विसरलात. मी मार्चमध्ये स्लेड केली, खाली सागाची १९ मिमीची पट्टी, खाचेत लोण्यासारखी सरकायची. जुलैत ती खाचेत जाईचना. लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी वाढला तर एवढ्या रुंदीत ०.२ मिमीच्या आसपास फुगवटा येतो, अडकायला तेवढा पुरतो. आता मी पट्टी अशी काढतो की टोकाकडून पाहिलं तर वलयं उभी दिसावीत. त्या दिशेने साग साधारण निम्माच फुगतो. एमडीएफचा तळ तर इकडे विसराच, कडा पावासारख्या फुगतात.

फक्त रविवार

हेच तर मी म्हणतोय! ऋतू, वलयं, बुश, फीलर गेज, एवढं सगळं समजल्यावर नवशिक्याने पहिली फळी कापायची का? माझ्या स्लेडची अॅल्युमिनियमची पट्टी जुलैतही सरकते.

शिशवी

सरकते, बरोबर. पण तुमच्या टेबल सॉची खाच १९ मिमीचीच होती म्हणून. आपल्याकडच्या कित्येक स्वस्त सॉंची खाच त्या मापाची नसते, तयार पट्टी एक तर आत जात नाही किंवा खडखडते. यादी करणाऱ्या त्या मुलाचा सॉ तसाच आहे, मी कालच कॅलिपर लावून पाहिला. त्याने स्लेड मागवली असती तर खोक्यातच राहिली असती.

लेथवाले दादा, तुमचं पटलं. भोकांच्या जिगा आणि सर्क्युलर सॉची गाइड यांना मी एकाच मापाने मोजत होते, ते चुकलं. पॉकेट होल जिग त्याच्या यादीत राहू दे. फळ्यांच्या जिगसाठी ५ मिमी आतल्या व्यासाचे दोन बुश करून द्याल का? बाहेरचा व्यास १० ठेवा, १२ मिमी प्लायमध्ये बसवायचे आहेत.

लेथवाला

देतो. कॉलरवाले करतो, म्हणजे ठोकताना आरपार जाणार नाहीत. १० चं भोक मात्र ड्रिल स्टँडवर पाडा, हाताने नको.