मदत हवी आहे: ड्रायर फिरतो, हवा येते, पण कपडे गरमच होत नाहीत

बार्देशकर
मंडळी, नमस्कार. म्हापशात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. ड्रायर ६ किलोचा, फ्रंट लोड, व्हेंटेड, म्हणजे ओली हवा पाइपातून बाहेर फेकणारा. हीटर २००० वॅट, मशीन ५ वर्षांचे. जूनच्या सुरुवातीला टॉवेल-चादरींची फेरी दीड तासात व्हायची. मग दोन तास लागू लागले, नंतर अडीच. परवापासून ड्रम फिरतो, पंख्याचा आवाज येतो, टायमर पुढे सरकतो, पण कपडे थंड आणि ओलेच राहतात.

लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचे सुटे तंतू (लिंट) अडवणारी जाळी, प्रत्येक फेरीनंतर साफ होतो. दुसऱ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून पाहिले, फरक नाही. बाहेर जाणारा पाइप पांढरा प्लास्टिकचा, ३ मीटरचा, दोन वळणे घेऊन पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर निघतो. हीटर गेला असेल का? मल्टिमीटर घरात आहे. बाळाची दुपटी आणि लंगोट साचलेत, त्यात चवथ तोंडावर, म्हणून घाई आहे.

फोंडा_वायरमन
आधी वाढलेल्या वेळेकडे बघा, खरी खूण तीच आहे. हीटरची तार तुटली असती तर उष्णता एका दिवसात गेली असती. दोन कॉइलचा हीटर असून एक तुटली असती तरी वेळ एकदम वाढून तिथेच थांबला असता. दीडचे दोन, दोनचे अडीच असे होत गेले, म्हणजे हवेची वाट चोंदत आली. वाट चोंदली की हीटरची उष्णता ड्रमपर्यंत न पोहोचता हीटरच्या पेटीतच कोंडते, आणि एक दिवस थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापले की हीटरची वीज कायमची तोडणारा भाग, उडतो. मला वाटते फ्यूज गेलाय, पण मूळ दोष पाइपात आहे. फक्त फ्यूज बदलाल तर तो पुन्हा उडेल.

तपासणी अशी करा. प्लग काढा. नुसते बटण बंद करून चालणार नाही, पिना सॉकेटमधून बाहेर हव्यात. मशीन अर्धा तास थंड होऊ द्या. मागचा पत्रा स्टारच्या स्क्रूंनी बसवलेला असतो, तो काढा. बहुतेक व्हेंटेड मशीनमध्ये हीटर मागेच पत्र्याच्या चपट्या पेटीत असतो. त्या पेटीवर नाण्याएवढे दोन-तीन गोल भाग दिसतील, प्रत्येकाला दोन चपटी टर्मिनल. त्यांतला एक थर्मल फ्यूज, बाकीचे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारे. वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. मोटरच्या कपॅसिटरला (वीज साठवून ठेवणारा भाग) हात लावू नका.

मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. ज्याचे मोजाल त्याची एक वायर काढा, नाहीतर बाजूच्या सर्किटमुळे आकडा चुकतो. २३० व्होल्टला २००० वॅटचा हीटर २६ ते २७ ओहम दाखवायला हवा (२३० गुणिले २३०, भागिले २०००). मग मीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर घेऊन हीटरचे टर्मिनल आणि मशीनचा पत्रा यांच्यात मोजा. तिथे काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर हीटर पत्र्याला टेकलाय, मशीन लावूच नका. फ्यूज आणि थर्मोस्टॅट थंड असताना जवळजवळ शून्य ओहम दाखवतात. जो दाखवत नाही तो गेलेला.

आणि एक सांगा, पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला डासांची जाळी लावली आहे का?

बार्देशकर
मोजले. हीटर २६.८ ओहम, पत्र्याशी जोड नाही. दोन्ही थर्मोस्टॅट ०.३ ओहम. तिसरा भाग, पांढऱ्या सिरॅमिकचा, मीटर काहीच दाखवत नाही. त्याच्यावर लाल बटण वगैरे नाही. आणि हो, बाहेर नायलॉनची जाळी आहे. डेंग्यूच्या भीतीने गेल्या वर्षी लावली होती.

मांडवीकाठ
फ्यूजच गेलाय मग. पार्ट येईपर्यंत त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून चालवता येईल. एखाद-दुसऱ्या फेरीने काही होत नाही.

फोंडा_वायरमन
मांडवीकाठ, कृपया हे कोणाला सुचवू नका. तो फ्यूज ड्रायरमधला शेवटचा पहारेकरी आहे. थर्मोस्टॅट चिकटला किंवा हवा थांबली तर हीटर तोडणारे दुसरे काही उरत नाही. हवा न मिळालेला २००० वॅटचा हीटर लालबुंद होतो आणि त्याच्या आसपास कोरडे लिंट असते. लिंट म्हणजे पिंजलेला कापूसच, ठिणगी पडताच धरतो. इथे तर हवेची वाट चोंदलेली आहे हे आपल्याला ठाऊक आहे. बाळाच्या कपड्यांसाठी पार्ट येईपर्यंत पंख्याखाली दोरी बांधा, पण वायर जोडू नका.

बार्देशकर, जुना फ्यूज काढून दुकानात घेऊन जा. त्याच्यावर तापमान आणि अँपिअर कोरलेले असतात. दोन्ही आकडे तेच हवेत. जास्त तापमानाचा 'मिळाला म्हणून' घेऊ नका. लाल बटणाचा रिसेट होणारा प्रकार वेगळा, त्याच्या जागी हा किंवा ह्याच्या जागी तो बसवू नका. मशीनच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, त्याचाही फोटो सोबत ठेवा. वायरीच्या टोकाची चपटी क्लिप सैल किंवा काळी पडली असेल तर तीही नवीन क्रिंप करून (पकडीने वायरीवर दाबून) बसवा. सैल क्लिप गरम होते आणि तिच्या उष्णतेनेच नवा फ्यूज जातो.

डिचोली_घरकाम
पाइपाबद्दल लिहितो, कारण दुखणे तिथेच आहे. पाइपाच्या तोंडाला जाळी कधीच नको. फिल्टरमधून सुटलेले बारीक तंतू तिच्यावर अडकतात, पावसाळ्यात ओले होतात आणि महिन्याभरात करड्या फेल्टसारखा घट्ट थर तयार होतो. त्यातून हवा जात नाही. जाळीऐवजी हवेच्या दाबाने उघडणारी आणि मशीन थांबले की आपोआप मिटणारी झडप लावा. डास आत येत नाहीत, पाऊसही नाही. पश्चिमेच्या भिंतीवर जून-जुलैचा वारा पाऊस सरळ आत मारतो, म्हणून झडपेवर वरून छोटी टोपी हवी.

पांढरा कडीकडीचा प्लास्टिक पाइप काढून टाका. त्याच्या प्रत्येक घडीत लिंट बसते, आणि तो जळतो. ४ इंची, म्हणजे १०० मिमीचा अॅल्युमिनियमचा पाइप घ्या, शक्य तितका सरळ. काटकोनाचे एक वळण साधारण दीड मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करते, म्हणजे तुमचा ३ मीटरचा पाइप हवेला ६ मीटरचा वाटतो. मशीन भिंतीच्या भोकाजवळ सरकवता आले तर एक वळण तरी वाचेल. पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. आतली वाफ थंड होऊन पाणी बनते, ते खोलगट भागात साचले की हवा अडते. जोडांना गोल क्लिप आणि अॅल्युमिनियमची फॉइल टेप वापरा, कापडी टेप उष्णतेने सुटते. जोडाला स्क्रू मारू नका, टोक आत गेले की तिथे लिंट धरते.

पाइप दोषी आहे का हे पडताळण्याचा सोपा मार्ग: फ्यूज बदलल्यावर पाइप मशीनपासून काढा, खोलीची खिडकी उघडा आणि १५ मिनिटे समोर उभे राहून चालवा. मागून जोरात ऊन हवा आली तर मशीन ठीक आहे. मग पाइप जोडून बाहेर झडपेशी हात धरा. तिथे झुळूकच येत असेल तर अडथळा मधे कुठेतरी आहे.

बार्देशकर
पाइप काढला. जाळीवर बोटाएवढा जाड करडा थर होता, हाताने सोलून निघाला. पहिल्या वळणात पेलाभर पाणी. शिवाय बाहेरच्या टोकाला आत मातीचे छोटे गाडगे चिकटलेले, कुंभारीण माशीचे घर.

फ्यूज मिळाला, बसवला. पाइपाशिवाय १५ मिनिटे चालवले, हवा चांगली ऊन आली. नवा पाइप एकाच वळणात बसवलाय. आता एक फेरी १ तास ५० मिनिटांत होते. आधीची दीड तासाची वेळ अजून गाठत नाही. का?

फोंडा_वायरमन
संध्याकाळी चालवता का? मशीन चालू असताना व्होल्टेज किती येते? मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून, मशीनच्या सॉकेटशेजारच्या सॉकेटमध्ये मोजा.

बार्देशकर
रात्री ८ ला १९०, सकाळी १० ला २२५.

फोंडा_वायरमन
मग उत्तर मिळाले. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १९० व्होल्टला २००० वॅटचा हीटर सुमारे १३६५ वॅटच देतो, जवळजवळ एक तृतीयांश कमी. सकाळी चालवा. स्टॅबिलायझर घेणार असाल तर किमान ४ केव्हीएचा लागेल. इन्व्हर्टरवर ड्रायर अजिबात लावू नका.

दुसरे, वॉशिंग मशीन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांनी) पिळते ते बघा. ५ किलो सुके कपडे ८०० आरपीएमला पिळले तर साधारण सव्वातीन लिटर पाणी अंगात ठेवतात, १२०० ला अडीचच्या आसपास. एक लिटर पाण्याची वाफ करायला निव्वळ ०.६७ युनिट लागते, त्यावर मशीनमधून वाया जाणारी उष्णता वेगळी. म्हणजे पाऊण लिटर कमी झाले की अर्धे युनिट आणि पंधरा-वीस मिनिटे वाचली. टॉवेल आणि दुपटी जास्त आरपीएमवर दोनदा पिळायलाही हरकत नाही.

वास्को_किनारा
हवेत ९० टक्के आर्द्रता असताना ड्रायर काय सुकवणार, अशी शंका इथे अनेकांना असते, म्हणून लिहितो. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे पावसाळा हे निमित्त नाही. पण बाथरूमची दारे-खिडक्या बंद ठेवून चालवलात किंवा पाइपाचा जोड खोलीतच गळत असेल, तर मशीन आपलीच वाफ पुन्हा ओढते. तेव्हा मात्र कपडे सुकता सुकत नाहीत. दाराखाली दोन बोटे फट तरी हवी.

आमच्यासारख्या समुद्राजवळच्या घरांत टर्मिनलवर हिरवट पावडर धरते. ती नुसती पुसून भागत नाही, टोक कापून नवीन क्लिप क्रिंप करा. ऑक्टोबर ते मे ड्रायर बंद पडून असतो, त्याच काळात कुंभारणी घर बांधतात आणि झडप गंजून अडकते. पंधरा दिवसांनी एकदा रिकामा २० मिनिटे चालवा आणि मेच्या शेवटी झडप हाताने हलवून बघा.

डिचोली_घरकाम
फिल्टर 'साफ' दिसतो म्हणून सोडू नका. नळाखाली धरा. पाणी जाळीतून सरळ खाली न जाता वर थांबले तर फॅब्रिक सॉफ्टनरचा पारदर्शक थर बसलाय. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश, मग पूर्ण वाळवून बसवा. ज्यांच्या मशीनमध्ये आर्द्रता सेन्सर आहे त्यांनी ड्रमच्या तोंडाशी असलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्याही पुसाव्यात, नाहीतर कपडे ओले असतानाच मशीन 'झाले' म्हणते. पांढरा व्हिनेगर घ्या. माडाचा नको, तो रंगीत असतो आणि चिकट अंश ठेवतो. नारळाचे किंवा तळणीचे तेल लागलेली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नका. मुरलेले तेल धुण्याने पूर्ण निघत नाही, आणि गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जाते.

साखळी_नवीन
मधेच विचारतो, माफ करा. भिंतीला भोक पाडायची सोसायटीत परवानगी नाही. कंडेन्सर (ओल्या हवेतले पाणी मशीनमध्येच काढणारा) किंवा हीट पंपवाला (तीच उष्णता पुन्हा वापरणारा) ड्रायर घेतला तर पाइपाची कटकटच नको ना?

डिचोली_घरकाम
पाइप नको, पण लिंट तिथेही अडतेच. कंडेन्सरवाल्याचा खालचा उष्णता-विनिमयक, म्हणजे वाफ थंड करून पाणी करणारा भाग, बाहेर ओढता येतो. महिन्यातून एकदा काढून नळाच्या धारेखाली धुवा, पावसाळ्यात रोज वापर असेल तर पंधरवड्याने. हीट पंपच्या बऱ्याच मॉडेलांत तो भाग निघत नाही, पुढचे झाकण उघडून मऊ ब्रशने वरून खाली, पत्र्यांच्या दिशेनेच झाडावा लागतो. आडवा ब्रश मारला तर पातळ पत्रे वाकतात. पाणी टाकीत साठते, भरलेल्या फेरीला दोन-तीन लिटर, ती प्रत्येक वेळी रिकामी करा किंवा नळी मोरीत सोडा. हीट पंपला वीज व्हेंटेडच्या निम्म्याच्या आसपास लागते, वेळ मात्र जास्त. खोलीची खिडकी किंचित उघडी ठेवा, कारण कंडेन्सरवाला खोली चांगलीच तापवतो.