सीसी की उजवा पाय? गाडीचं ॲव्हरेज नेमकं कोण खातं

तिसरागिअर (धागाकर्ता)

घरात दोन गाड्या. एक ९९९ सीसीची, तीन सिलिंडर, टर्बो. ती मी चालवतो. दुसरी जुनी, १५९८ सीसीची, बिनटर्बोची, ती ताईकडे. लहान इंजिन घेताना जो तो म्हणत होता, ॲव्हरेजची काळजीच सोड. प्रत्यक्षात माझी लिटरला १४ देते आणि ताईची म्हातारी १५.५. दोन वर्षं मी गाडीला शिव्या घातल्या, प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी मागच्या महिन्यात आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. प्रत्येकी दोन टाक्या, टाकी फुल ते टाकी फुल.

ताईच्या हातात माझी गाडी १८.५. माझ्या हातात तिची १२.

म्हणजे गाडी बदलली की फरक दोन-तीनचा, आणि माणूस बदलला की साडेतीन ते साडेचारचा. गाडी घेताना आपण सीसीवर जेवढा कीस पाडतो त्याच्या निम्मा तरी स्वतःच्या पायावर पाडायला हवा, असं माझं मत झालंय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडेही याच बाजूचे आहेत: दणादण वेग घेणं आणि करकचून ब्रेक मारणं यामुळे हायवेवर १५ ते ३० टक्के, आणि थांबत-थांबत सरकणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज पडतं.

---

दट्ट्या

असहमत. पाय महत्त्वाचा आहे हे कोण नाकारतंय? पण पाय कितीही हलका असला तरी मोठं इंजिन आपला खुराक घेतंच.

साधारण १२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने न्यायला चाकांपाशी जेमतेम ७ किलोवॅट लागतात, म्हणजे साडेनऊ-दहा हॉर्सपॉवर. १६०० सीसीच्या इंजिनाची ताकद याच्या दहापट असते. मग उरलेली ताकद दाबून ठेवायची कशी? पेट्रोल इंजिनात हे काम थ्रॉटलची झडप करते. ती जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच दट्ट्यांची (पिस्टनची) मेहनत वाया जाते. तोंड दाबून धरलेल्या नळीतून श्वास घेऊन बघा, कळेल. लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून ही नासाडी कमी. वर सिलिंडर कमी, घासणारे भाग कमी. सिग्नलला उभं असतानाही तेच, मोठं इंजिन उभ्या-उभ्या जास्त पितं. तिथे तुमच्या पायाचा काय संबंध?

---

ब्रेककमी

धागाकर्त्याशी सहमत, आणि हिशोबासकट.

तीच १२०० किलोची गाडी ताशी ६० ने चाललीय. तिच्या अंगात सुमारे १ लाख ६७ हजार जूल गतिज ऊर्जा असते. तुम्ही ब्रेक दाबलात की ती सगळी डिस्क तापवण्यात जाते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३.२ कोटी जूल, त्यातले पाव भाग चाकांपर्यंत पोचले असं धरा. म्हणजे ६० वरून शून्य आणि परत ६० या एका खेळाची किंमत २० मिली, चहाचे चार चमचे. पुढचा दिवा लाल दिसत असतानाही त्याच्यापर्यंत रेस देत जाणारे लोक रोज असे किती चमचे सांडतात ते मोजा. इंजिन ९९९ चं असो की १५९८ चं, गाडीचं वजन तेवढंच असेल तर ही ऊर्जा तेवढीच.

माझा नियम एकच: ब्रेक दाबावा लागला म्हणजे पाच सेकंदांपूर्वी ॲक्सिलरेटर उगाच दाबला होता. (घाट, गुरं आणि अचानक आडवे येणारे दुचाकीस्वार वगळून.)

---

अर्धाक्लच

मी तर उतार लागला किंवा लांबून सिग्नल दिसला की सरळ न्यूट्रल करतो. गाडी फुकटात पळते. पंधरा वर्षांची सवय आहे.

---

गॅरेजमधला

@अर्धाक्लच, सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे, ती तिथेच ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण उचललात की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. आरपीएम साधारण हजार-पंधराशेच्या आसपास उतरले की पुन्हा सुरू होतं. न्यूट्रलला मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहायचं असतं, म्हणून ते पीत राहतं. शिवाय उतारावर इंजिन-ब्रेक गेला तो गेलाच. दोन गाड्या आल्यात माझ्याकडे, ब्रेक तापून फेल झालेल्या.

आता सगळ्यांसाठी. 'पायाखाली अंडं आहे असं समजून चालवा' हा सल्ला अर्धाच बरोबर. काही लोक इतका हळू वेग घेतात की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच अर्धा किलोमीटर जातो. पेट्रोल इंजिन सगळ्यात काटकसरीने चालतं ते दोन-अडीच हजार आरपीएमच्या आसपास आणि बऱ्यापैकी ओझं असताना. म्हणून ॲक्सिलरेटर मोकळेपणाने दाबा, पण गिअर लवकर वर टाका आणि हव्या त्या वेगाला पोचलात की पाय स्थिर. फक्त टॉपला टाकून गाडी धडधडायला लागेल इतकं ओढू नका. पाय हलका ठेवण्यापेक्षा पाय सारखा वरखाली न करणं महत्त्वाचं.

---

अर्धाक्लच

उताराचं मान्य. पण सपाट रस्त्यावर गिअरमध्ये गाडी लवकर मंदावते, न्यूट्रलला लांब जाते. मग?

---

गॅरेजमधला

सपाट रस्त्यावर, पुढे थांबायचंच नसेल तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. थांबायचं असेल तर नाही. आणि न्यूट्रलला असताना अचानक रेस लागली तर काय, हा प्रश्न राहतोच. मी सांगणार नाही कुणाला.

---

चारबाजूंनी

या वादावर २००८ साली एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाने मजेशीर उत्तर दिलं होतं. ट्रॅकवर टोयोटाची प्रियस (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड) पुढे, जितकी पळेल तितकी पळवायची, आणि मागे व्ही-८ ची (आठ सिलिंडरची) बीएमडब्ल्यू एम३, तिने फक्त प्रियसला धरून राहायचं. इंजिन १.५ लिटर विरुद्ध ४ लिटर. निकाल: प्रियस गॅलनला १७.२ मैल, एम३ १९.४. आपल्या मापात सुमारे ६.१ आणि ६.९ किलोमीटर. घ्या, सीसीवाले!

---

दट्ट्या

घेतो की. त्यातून काय सिद्ध झालं? लहान इंजिन सतत शेवटच्या टोकाला पिळलं तर ते खातं, आणि मोठं इंजिन त्याच वेगाला आरामात असतं. ट्रॅकवर कामाला जाणारा कोण आहे इथे? रोजच्या वेगाला त्याच दोन गाड्या घ्या आणि मग सांगा.

---

लांबपल्ला

दोघंही पेट्रोल इंजिन म्हणजे एकच सरळ रेष असल्यासारखं बोलताय. माझं काम हायवेचं, भरलेली गाडी, शंभर-एकशेदहाचा वेग. तिथे मी लहान टर्बोचा चटका खाल्लाय.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वर ज्या गाडीला ८० ला ७ किलोवॅट सांगितले, तिला १०० ला १२ आणि १२० ला जवळपास १९ लागतात. त्यात चढ, पाच माणसं, एसी. आता लहान इंजिनाची टर्बो सतत हवा कोंबत असते, आणि ओझं फारच वाढलं की एक्झॉस्ट थंड ठेवायला कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल गाडी पुढे नेत नाही, नुसतं गारवा देतं. छापील आकड्यात हे दिसायचं नाही, कारण युरोपातली जुनी चाचणी फारच लाडाची होती. शून्यावरून ५० ला जायला २६ सेकंद! तेवढ्यात टर्बो जागीसुद्धा होत नाही. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना डब्ल्यूएलटीपी ही जरा कडक चाचणी लागू झाली.

टोयोटाचंच बघा. प्रियसचं इंजिन त्यांनी २००९ मध्ये १.५ वरून १.८ लिटर केलं आणि अमेरिकेतला हायवेचा अधिकृत आकडा ४५ वरून ४८ मैलांवर गेला. कारण हायवेच्या वेगाला मोठं इंजिन कमी आरपीएमला फिरतं.

---

दट्ट्या

प्रियसचं उदाहरण अर्धवट आहे. त्याच वेळी त्यांनी एक्झॉस्टची उष्णता परत वापरायची सोय केली, पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप काढून विजेचा बसवला, बॉडीचा आकार सुधारला. सगळं श्रेय सीसीला देऊ नका. टर्बो आणि जास्त पेट्रोलचं मात्र मान्य. माझं म्हणणं रोजच्या शहरी वापराबद्दल होतं.

आणि @तिसरागिअर, एक राहून गेलं. गाड्या बदललात, रस्तेही बदललेत का?

---

तिसरागिअर

नाही. म्हणजे गाड्यांच्या फक्त किल्ल्या बदलल्या. मी माझ्या कामाला, ती तिच्या.

---

दट्ट्या

तिचा रस्ता कसा आहे?

---

तिसरागिअर

बायपास. चार सिग्नल. माझ्या रस्त्यावर एकोणीस.

---

दट्ट्या

🙂

---

उलटाभागाकार

दट्ट्यांच्या त्या एका हसऱ्या चेहऱ्यावर शंभर प्रतिसाद कुर्बान. पण एक भर घालतो. 'लिटरला किती किलोमीटर' हे मापच फसवं आहे. १० वरून १२ झालं तर शंभर किलोमीटरमागे १.६७ लिटर वाचतं, आणि २० वरून २२ झालं तर ०.४५. दोन्हीकडे फरक दोनचाच! तुलना करायची तर शंभर किलोमीटरला किती लिटर ते काढा. धागाकर्त्याने ताईच्या रस्त्यावर ताईचीच गाडी एक टाकी चालवावी, म्हणजे रस्ता वेगळा आणि पाय वेगळा होईल.

---

तिसरागिअर

तीन आठवड्यांनी परत आलोय. ताईची गाडी, ताईचा रस्ता, ताईचीच वेळ. १३.८ मिळालं. उलट्या मापात मांडतो:

माझा रस्ता, मी, १५९८ सीसी: ८.३ लिटर
तिचा रस्ता, मी, १५९८ सीसी: ७.२
तिचा रस्ता, ती, १५९८ सीसी: ६.५
तिचा रस्ता, ती, ९९९ सीसी: ५.४

म्हणजे शंभर किलोमीटरमागे रस्त्याचे १.१, पायाचे ०.८ (दशांश पूर्ण धरून), गाडीचे १ लिटरच्या किंचित वर. जिंकला तो रस्ता, ज्याचं नावही मी पहिल्या पोस्टमध्ये घेतलं नव्हतं. पंपावर नोझल कधी कट होतं यावर लिटरभराचा घोळ होतोच, त्यामुळे एका टाकीवरून गाडी आणि पाय यांच्यातला पहिला नंबर कुणाचा हे मी ठरवत नाही.

---

दट्ट्या

प्रामाणिकपणे मांडलंत, आवडलं. तरी गाडी पायाच्या पुढे आहे हे नमूद करून ठेवतो. फक्त हे सगळं सीसीचं नाही, वजन आणि वयही आलं त्यात. तेवढं मी सोडून देतो.

---

ब्रेककमी

मुळीच नाही. परीक्षा आहे म्हटल्यावर कुणीही जपून चालवतो. तीन आठवड्यांतला पाय हा रोजचा पाय नव्हे.

---

ताई_स्वतः

हा धागा मला आज दाखवण्यात आला. मी ती ताई.

ब्रेककमी बरोबर बोलतायत. त्यातले सहा दिवस मी शेजारी बसले होते आणि साहेब चक्क दुसऱ्या गाड्यांना पुढे जाऊ देत होते. एरवी हा माणूस स्पीडब्रेकरच्या दहा फूट आधीपर्यंत रेस देतो. शिवाय चुकून नव्हे, सवयीने पाय क्लचवर टेकवून चालवतो.

दट्ट्यांसाठीही एक खबर आहे. त्याच्या लहान गाडीच्या टपावर दोन वर्षांपूर्वी सहलीला जाताना लावलेलं कॅरिअर अजून तसंच आहे, रिकामं. ८० च्या वर गेलं की शीळ घालतं. मी १८.५ काढले ते त्या शिट्टीसकट, आणि चारही टायरमध्ये हवा कमी होती ती भरून घेतल्यावर. त्यामुळे गाडी आणि पाय, दोघांचेही आकडे चुकलेत. अरे, आधी ते कॅरिअर काढ, मग लोकांना हिशोब सांग.

---

चारबाजूंनी

प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, आणि टपाकडे बघितलंच नाही? 😂

---

तिसरागिअर

गॅरेजमधला दादा, कॅरिअरचे तीन बोल्ट निघाले. चौथा गंजलाय, त्याचं डोकं गोल झालंय. काय करू?

---

गॅरेजमधला

गंज सोडवायचं तेल मारा, रात्रभर राहू द्या. सकाळी व्हाइस ग्रिपने धरून आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. पत्र्याखाली फडकं ठेवा, नाहीतर रंग जाईल.