स्टँडमागच्या मशीनवाल्या पार्लरविरुद्ध अर्ज द्यायचाय, पण त्यात मागायचं काय?

खाडीकाठ

मंडळी, पोस्ट लांबणारे, सांभाळून घ्या. गावाचं नाव टाकत नाही, सिंधुदुर्गातलं तालुक्याचं गाव समजा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर आहे, बाहेर बोर्डावर मोटारगाडीचं उडालेलं चित्र, आत एक मळका पडदा आणि पडद्यामागे सात मशीन. मोटारगाडी कुठेच नाही. फळं, सत्ते, घंटा असली चित्रं गरगर फिरतात आणि थांबतात. काउंटरवर पैसे दिले की पोरगा येऊन मशीनला चावी लावतो आणि पॉइंट चढवतो, एक पॉइंट एक रुपया, उरले तर मागच्या दाराने रोख.

माझा चुलतभाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे, वय 26. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली तेव्हा हिशोबाचे 38 हजार हातात आले होते, ते नऊ दिवसात गेले. आम्हाला वाटलं मोबाईलवर काहीतरी खेळतोय, मोबाईल काढून घेतला, तर हा सकाळी नऊच्या एसटीने तालुक्याला जायला लागला. काकीची पाटली सोनाराकडे गेली तेव्हा उलगडा झाला.

मग मी स्वतः जाऊन बघितलं. पावणेतीन तास तो त्या प्लास्टिकच्या स्टुलावर होता, शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरलेली. मधे एकदा बऱ्यापैकी पॉइंट लागले, दिवे लुकलुकले, गाणं वाजलं, आणि याच्या चेहऱ्यावर काहीच नाही हो, बोट चालूच. मी म्हटलं चल आता, जिंकलायस ना, तर म्हणाला, थांब, एवढे संपवतो आणि येतो. मशीनवर 240 दिसत होते. जिंकतो नाही म्हणाला, संपवतो म्हणाला. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

वाडीतल्या बचत गटाच्या बायका सह्या द्यायला तयार आहेत. पण अर्जात मागायचं काय? बंद करा म्हणावं तर मागे एकदा रेड पडली होती, पंधरा दिवसात परत चालू, आणि रेडमध्ये नावं आली ती खेळणाऱ्यांची. म्हणजे आमच्याच अर्जावर आमच्याच पोरावर केस व्हायची. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

मालवणातली_आवशी

नातवाक टाईप करूक लावलंय, चुकला तर तेचा चुकला. माझो घोव मटक्यात गेलो, म्हंजे मेलो नाय, पैशान गेलो. अर्ज बिर्ज मागसून. पयला काम तांडेलाक, म्हंजे ट्रॉलरच्या कप्तानाक गाठा आणि सांगा वाटो ह्याच्या हातात देव नको, आवशीच्या हातात दी. आणि गाळी घालू नकात. मी वीस वर्सा गाळी घातलंय, गाळी घातल्यार तो परत थयच जाता, कारण थय कोण गाळी घालीत नाय.

गावकर_७७

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जुगार कोकणात आजचा आहे का? जत्रेत देवळाच्या मागे जुगाराची पालं पडतातच, आमचे आजोबा पण चार आणे लावायचे आणि दशावतार बघून घरी यायचे. पोरगा 26 चा घोडा झाला, त्याला कळायला नको? मशीनला काय हात आहेत ओढून न्यायला? उद्या दारू पिऊन पडला तर बाटलीवर केस टाकाल.

काउंटरवरचा_जुना

गावकर साहेब, मी असल्याच एका पार्लरमध्ये दीड वर्ष काउंटरवर होतो, चिपळूणकडे, आता सोडलं, म्हणून सांगतो की जत्रेतलं पाल आणि हे मशीन एक नाही. पालात एक डाव व्हायला मिनिट दोन मिनिटं जातात, लोक पैसे मांडतात, भांडतात, कोणी ओळखीचा खांद्यावर हात टाकतो, पहाटे नाटक संपलं की पालं उठतात. मशीनला पहाट नाही.

हिशोब करा ना. 10 रुपयाचा डाव, दर पाच सेकंदाला एक, म्हणजे तासाला 720 डाव आणि 7200 रुपयांची उलाढाल. मशीन अगदी 90 टक्के परत देतं असं धरलं तरी तासाला 720 रुपये गिळतं. खिशात 500 घेऊन बसलेला माणूस सरासरी पाऊण तासाच्या आत झाडला जातो, आणि त्याला मात्र वाटत राहतं की आपण मधे मधे जिंकतोय. जिंकतोच, पण दहा लावून चार येतात तेव्हाही मशीन तेच गाणं वाजवतं, सहा गेले हे गाण्यात कुठे कळतं? आणि तीन सत्ते यायला हवेत तिथे दोन येऊन तिसरा अगदी रेषेवर येऊन खाली सरकतो ना, आणि माणूस "अर्रर्र" म्हणतो? डावाचा निकाल बटण दाबल्या दाबल्या आत ठरलेला असतो, चाक फिरताना दिसतं तो नुसता देखावा. आमच्याकडे तर टक्केवारी मालकाच्या चावीत होती. शनिवारी, पगाराच्या आठवड्यात, ती 90 नसायची एवढंच लिहितो.

खाडीकाठ, तुमच्या भावाचं ते "संपवतो" मी रोज ऐकायचो. जे खरे अडकलेले असतात त्यांना पैसे काढून न्यायचेच नसतात, त्यांना तिथे बसायला मिळावं एवढंच पाहिजे असतं. पॉइंट संपले की उठावं लागतं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसतं. आणि हो, आमचा गल्ला हौशी पोरांवर चालत नव्हता, अशा सात-आठ जणांवर चालायचा, मालक त्यांना चहा फुकट द्यायचा. तो साय धरलेला चहा मी पण दिलेलाय.

सिडनीचा_चाकरमानी

मूळ वेंगुर्ला, चौदा वर्षं सिडनीत. इथे या मशीनना पोकी म्हणतात आणि पबात, क्लबात, सगळीकडे उघडपणे आहेत, सरकारमान्य. त्यामुळे यांच्याविरुद्ध मोहीम कशी चालते आणि कशी आपटते ते जवळून बघितलंय.

2010 मध्ये इथल्या सरकारच्याच उत्पादकता आयोगाने अहवाल दिला की एका डावाला जास्तीत जास्त एक डॉलर ठेवा. तेव्हाच्या मशीनवर जोरात खेळलं तर तासाला 1500 डॉलर किंवा जास्त जाऊ शकत होते, एक डॉलरची मर्यादा घातली तर ते 120 च्या आसपास येतात. आणि मशीनवर हरलेल्या पैशातला साधारण 40 टक्के पैसा हा व्यसनी खेळणाऱ्यांचाच, हे पण त्याच अहवालात. काउंटरवाल्या भाऊंनी सात-आठ जण म्हटलं ते इथेही तसंच आहे. त्याच वर्षी अँड्र्यू विल्की नावाचा अपक्ष खासदार निवडून आला, जुलिया गिलार्डना सरकार बनवायला त्याचं मत हवं होतं, त्याने अट घातली की खेळणाऱ्याने आधीच आपली मर्यादा ठरवायची आणि ती ओलांडली की मशीन बंद. क्लबवाल्यांनी जाहिरातींचा धुरळा उडवला, हे ऑस्ट्रेलियन संस्कृतीविरुद्ध आहे म्हणे (आपल्याकडे संस्कृती कुठे कुठे आडवी येते, तशीच तिकडेही), आणि जानेवारी 2012 मध्ये गिलार्डनी माघार घेतली. विल्कीने पाठिंबा काढला, पण मशीन तशीच राहिली.

उलट इंग्लंडात बघा. तिथे सट्ट्याच्या दुकानात अशी मशीन होती की दर 20 सेकंदाला 100 पौंड लावता यायचे. मोहीमवाल्यांनी जुगार वाईट का चांगला हा वाद घातलाच नाही, एकच आकडा धरला, दोन पौंड. सरकारने मान्य केलं पण तारीख ऑक्टोबर 2019 सांगितली, तेव्हा ट्रेसी क्राउच या मंत्रीबाईंनी राजीनामा दिला, आणि मग 1 एप्रिल 2019 पासून 100 चे 2 झाले. नॉर्वेने तर 2007 मध्ये खाजगी मशीन सरसकट उचलली आणि नंतर सरकारी आणली ती कार्डवर चालणारी, मर्यादा लावलेली.

सांगायचा मुद्दा, अर्ज एका पानाचा ठेवा आणि त्यात एकच आकडा ठेवा, डावाला जास्तीत जास्त इतके रुपये.

कोर्टकचेरी

सिडनीवाल्यांचं बाकी पटतं पण तो आकडा इथे घातक आहे. तिकडे मशीन कायदेशीर आहे म्हणून मर्यादा मागता येते. आपल्याकडे पैशावरचा मशीनचा जुगार मुळातच बेकायदा, 1887 चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे. कॅसिनोचा 1976 चा कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच केला. तुम्ही "डावाला दोन रुपये ठेवा" लिहिलंत तर पार्लरवालाच पेढे वाटेल, कारण डाव चालतो हे तुम्हीच मान्य केलंत.

पार्लरवाल्याची पळवाट वेगळी असते. कायद्याच्या कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, त्यामुळे लायसन "करमणुकीचे व्हिडिओ गेम" म्हणून काढायचं, पोलीस आले की हे कौशल्य आहे साहेब, पैसे कुठे दिसतायत, पॉइंट आहेत. म्हणून तुमचा नेम लायसनवर पाहिजे. कर्नाटकातल्या एम. जे. शिवानी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच मानलंय की व्हिडिओ गेम पार्लरला लायसन आणि अटी लावायचा सरकारला अधिकार आहे.

आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तर 30 दिवसात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेला विचारा की या पत्त्यावर परवाना आहे का, किती आणि कोणत्या मशीनचा, अटी काय, शेवटची तपासणी कधी झाली, तिचा अहवाल द्या. परवाना पाच मशीनचा आणि आत सात, असं निघालं तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. मग मागणी अशी करा की पॉइंटचे पैसे करून देणं हे परवाना रद्द व्हायला पुरेसं कारण धरा, पडदा काढून दर्शनी काच लावा, परवान्यातली मशीनची यादी दारावर चिकटवा, आणि टक्केवारीची चावी असलेलं मशीन आत दिसता कामा नये.

केसचं म्हणाल तर भीती खरी आहे. कलम 5 खाली अड्ड्यात सापडलेला माणूसही आरोपी होतो. पण 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा बघा, पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मशीन इंटरनेटवर चालत असेल तर तो कायदा इथेही लागू शकतो, ते तपासा. नसेल तर आमदारांना जे निवेदन द्याल त्यात हेच लिहा की मोबाईलवर खेळणारा पीडित आणि मशीनवर खेळणारा गुन्हेगार, हा भेद काढा. माझ्या मते खरी मागणी ही आहे, बाकी डागडुजी.

बांद्याहून

आमच्याकडे अजून गंमत. पत्रादेवी ओलांडली की गोवा, मांडवीत कॅसिनोच्या बोटी. गोवा सरकारने 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केली, फक्त टुरिस्ट चालतात. म्हणजे पेडण्याचा माणूस आत जाऊ शकत नाही आणि त्याचा बांद्याचा मेव्हणा टुरिस्ट म्हणून जातो! आपली माणसं वाचवावी असं त्यांना वाटलं, छान, मग आमची माणसं कोण वाचवणार? सिंगापुरात घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाचं नाव कॅसिनोच्या दारावर अडवू शकतात. तसं इकडे झालं तर सावंतवाडीतून पहिल्या दिवशी रांग लागेल.

गावकर_७७

काउंटरवाल्यांचा 720 चा हिशोब रात्री कागदावर मांडून बघितला. बरोबर आहे. आजोबा रात्रभरात वीस डाव खेळत असतील नसतील. बाटलीचं वाक्य मागे घेतो. पण बाटलीचंच उदाहरण घ्यायचं तर वॉर्डातल्या निम्म्या बायकांनी आडवी बाटली केली तर दारूचं दुकान बंद होतं, मग मशीनला तसं मतदान का नाही? हे पण अर्जात घाला. सह्या कमी पडल्या तर आमच्या गावच्या आणतो.

काउंटरवरचा_जुना

अर्जाबरोबर पोराचं पण बघा. जुगाराच्या व्यसनाला डॉक्टर लोक दारूच्या व्यसनाच्याच रांगेत बसवतात. टेलि-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. रत्नागिरीला मनोरुग्णालयाच्या ओपीडीत पण नेता येईल, नावाला घाबरू नका.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, सगळं छापून काढलं. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकला. एक भानगड लक्षात आली, पार्लर नगरपंचायतीत आणि आम्ही ग्रामपंचायतीत, त्यामुळे आमच्या ग्रामसभेचा तिथे थेट उपयोग नाही, पण 2 ऑक्टोबरच्या सभेत ठराव घेऊन तो जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायचा असं सरपंच म्हणाल्या, त्यांच्या भाच्याचं पण तसंच आहे हे तेव्हाच कळलं. तांडेलाशी बोललो, वाटा आता काकीच्या खात्यात. 14416 ला त्याने स्वतः फोन केला, काय बोलला ते विचारलं नाही.

काल रात्री अर्जाचा मसुदा ओटीवर बसून लिहीत होतो तेव्हा तो मागे उभा राहून वाचत होता. शेवटी म्हणाला, दादा, पडद्याचं लिहिलंस ते बरं केलंस, पण आवाजाचं पण लिही, स्टँडवर एसटीतून उतरलो ना की तिथपर्यंत ऐकू येतो.