घोड्यावर मांड न बसणारा पहिला काउबॉय नायक : ब्राँको बिली अँडरसन

फोंडेकर_वाचक

सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी अर्धा तास एखाद्या विषयावर बोलते आणि या खेपेस ती पाळी माझ्यावर आली आहे. मी मूकपटांतील काउबॉय नायक हा विषय घेतला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी टॉम मिक्सचे नाव ऐकलेले आहे, परंतु त्याच्याही आधीच्या ब्राँको बिली अँडरसनचे नाव काढले की सगळे माझ्याच तोंडाकडे पाहतात. त्याला घोड्यावर बसता येत नव्हते, असे एके ठिकाणी वाचले. हे खरे असेल तर त्याला पहिला काउबॉय नायक म्हणावे तरी कसे, आणि तो इतका मागे का पडला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मडगावची_जुनी_पेटी

आपण चांगला विषय निवडला आहे. माझे वडील मडगावात एका चित्रपटगृहात यंत्रचालक होते आणि रिळांच्या पत्र्याच्या पेट्या मोजण्यातच माझे बालपण गेले. त्यामुळे थोडे लांबण लावतो, सांभाळून घ्यावे.

या गृहस्थांचे मूळ नाव मॅक्सवेल हेन्री ॲरन्सन. त्यांचा जन्म १८८० साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. गुरेराखणीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. नाटकांत लहानसहान कामे करता करता ते न्यूयॉर्कला एडिसन कंपनीत पोहोचले आणि १९०३ साली एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या सुमारे बारा मिनिटांच्या चित्रपटात त्यांना काम मिळाले. त्यांनी त्यात एकाहून अधिक भूमिका केल्या : पळू पाहणारा आणि पाठीत गोळी लागून कोसळणारा प्रवासी तेच, आणि पायाशी गोळ्या झाडून ज्याला नाचवतात तो नवखा माणूसही तेच. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात एकच नट पहिल्या अंकात द्वारपाल आणि तिसऱ्या अंकात ऋषी होतो, तसाच हा प्रकार समजावा. त्यांना दरोडेखोरांत घोड्यावरूनही दौडायचे होते. परंतु घोड्याने आपल्याला खाली पाडले, ही हकिगत ते पुढे स्वतःच सांगत असत. तेव्हा आपण वाचले त्यात तथ्य आहे. पुढे ते कामापुरते बसायला शिकले, मात्र अस्सल घोडेस्वार कधीच झाले नाहीत.

खरी गोष्ट यानंतरची आहे. १९०७ साली त्यांनी जॉर्ज स्पूर यांच्याबरोबर शिकागोत एसानी ही कंपनी काढली. स्पूरमधला ‘एस’ आणि अँडरसनमधला ‘ए’ जोडून हे नाव झाले. त्या काळी पूर्वेकडच्या राज्यांतील रानातच ‘पश्चिमे’ची दृश्ये उरकली जात. अँडरसन मात्र कॅमेरा घेऊन कोलोराडोला गेले आणि १९१२ पासून कॅलिफोर्नियातील नाइल्स या लहानशा गावात ठाण मांडून बसले. डोंगरातील खिंडीच्या तोंडाशी वसलेले हे रेल्वेचे गाव. आपले कुळें स्थानक डोळ्यांसमोर आणले तर अंदाज येईल.

१९१० साली ‘ब्राँको बिलीज रिडेम्प्शन’ आला. त्यातला बिली गुरेचोर आहे, तरीही आजारी माणसाला गावात पोहोचवण्यासाठी तो स्वतः पकडले जाण्याचा धोका पत्करतो. वाईट वाटेला लागलेला, पण आतून सज्जन असलेला हा माणूस प्रेक्षकांच्या मनात बसला. मग अँडरसन यांनी तेच नाव, तोच चेहरा आणि तीच टोपी घेऊन एक रिळाचे, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचे, चित्रपट एकामागून एक काढले; या मालिकेतील चित्रपटांची संख्या शंभराच्या बरीच पुढे गेली. गंमत अशी, की एका गोष्टीत बिलीचे लग्न व्हायचे, दुसरीत तो मरायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा सडाफटिंग होऊन हजर! प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे, कारण ते गोष्टीसाठी नव्हे, तर बिलीसाठी येत. नट पडद्यावर ओळखू यावा आणि त्याच्या नावावर तिकीट खपावे, ही रीत काउबॉयपटांत त्यांनी रुजवली. म्हणून त्यांना पहिला काउबॉय नायक म्हणायला काहीच हरकत नाही. घोडा हा नंतरचा मुद्दा.

पेडण्याचा_प्रेक्षक

वरील माहिती उत्तम आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. काउबॉयपटाला वजन आले ते विल्यम एस. हार्ट यांच्यामुळे. शेक्सपिअरची नाटके केलेला हा रंगभूमीवरचा मुरलेला नट १९१४ साली, वयाच्या पन्नाशीला टेकला असताना, चित्रपटांत आला. धुळकट कपडे, दगडासारखा चेहरा आणि फ्रिट्झ नावाचा ठिपक्यांचा घोडा, एवढेच त्याचे भांडवल होते. त्याचा ‘हेल्स हिंजेस’ पाहिल्यावर बिलीचे चित्रपट बालिश वाटू लागतात, हे माझे प्रामाणिक मत आहे. टॉम मिक्स त्याच्या अगदी उलट : झगमगीत पोशाख, टोनी नावाचा घोडा आणि चित्तथरारक उड्या. लोकांना शेवटी तोच आवडला. म्हणूनच आपल्या घरच्यांना मिक्स आठवतो.

मडगावची_जुनी_पेटी

हार्ट अधिक मोठे नट होते, हे मान्यच. परंतु त्यांचा ‘सज्जन दरोडेखोर’ बिलीच्याच घराण्यातला आहे, हे विसरता येत नाही.

अँडरसन मागे का पडले, हे राहिलेच. १९१५ च्या सुमारास प्रेक्षकांना पाच-पाच रिळांच्या लांब चित्रपटांची गोडी लागली होती आणि हे एका-दोन रिळांतच रमले होते. त्याच सुमारास एसानीने आठवड्याला १,२५० डॉलर देऊन चार्ली चॅप्लिनना आणले. ‘द ट्रॅम्प’ हा त्यांचा गाजलेला चित्रपट नाइल्सलाच झाला, पण वर्षभरात चॅप्लिन निघून गेले. १९१६ साली अँडरसन यांनी आपला हिस्सा विकला आणि ब्राँको बिली तिथेच संपला. त्यानंतर त्यांनी काही काळ स्टॅन लॉरेल यांचे विनोदी लघुपट काढले. लॉरेल आणि हार्डी ज्यात प्रथम एकत्र दिसले तो ‘द लकी डॉग’ही त्यांचाच, म्हणजे माणसाची पारख त्यांना नक्कीच होती. पुढे मात्र त्यांचे नाव पार विस्मृतीत गेले. अखेर १९५८ साली अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिले. १९७१ साली नव्वदाव्या वर्षी ते वारले.

फोंडेकर_वाचक

आपणा दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. भाषणाची सुरुवात आता घोड्यावरून पडण्यापासूनच करतो. आणखी एक शंका : ‘ट्रेन रॉबरी’तला तो दरोडेखोर, जो थेट आपल्यावर पिस्तूल रोखून गोळी झाडतो, तो अँडरसनच का? आणि हे दृश्य मी आधी दाखवावे की शेवटी?

मडगावची_जुनी_पेटी

नाही, तो जस्टस बार्न्स. ते दृश्य सुरुवातीला जोडावे की शेवटी, हे एडिसन कंपनीने चित्रपटगृहवाल्यांवरच सोपवले होते, त्यामुळे आपल्यालाही मोकळीक आहे. वाचनालयात पुढच्या रांगेत आजी-आजोबा बसत असतील, तर शेवटी लावावे. सुरुवातीलाच गोळी झाडली, तर पुढचा अर्धा तास ते त्याविषयीच बोलत राहतील.